दर रविवारी रामनदी साफ होते, तरी ती जिवंत का होत नाही?

पुण्यात बाणेर-औंधकडे राहणाऱ्या बहुतेकांना रामनदी माहीत असते ती पुलावरून. वास आला की गाडीची काच वर आणि पुढे. पण याच नदीच्या काठावर काही वर्षांपासून रविवारी सकाळी लोक हातमोजे घालून प्लास्टिक वेचताना दिसतात. त्याचे फोटो सोशल मीडियावर येतात आणि खाली एक कमेंट हमखास असते : "एवढं करून काय उपयोग? पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच!"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजून घेतलं, तर आपल्या गावातल्या ओढ्याचं काय होणार हेही कळतं.

रामनदी आहे कुठे?

मुळशी तालुक्यात खाटपेवाडीच्या डोंगरात ही नदी उगम पावते. भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी असा प्रवास करत औंध-बाणेरजवळ ती मुळेला मिळते. लांबी वीस किलोमीटरपेक्षा कमी. भूगावचा मानस तलाव आणि पाषाण तलाव याच नदीवर आहेत. बावधनमध्ये जमिनीतून पाणी देणारा जिवंत झराही आहे.

म्हणजे उगमाला डोंगर, वाटेत झरा आणि तलाव, शेवटी संगम. नदीला लागतं ते सगळं इथे आहे, आणि तिला मारणारंही सगळं आहे : सांडपाणी, राडारोडा आणि काठापर्यंत आलेली बांधकामं.

स्वयंसेवक काय करतात?

२०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवितनदी' या संस्थेचा 'दत्तक घेऊया नदीकिनारा' हा उपक्रम पुणेकरांना माहीत आहे. मुठेवर विठ्ठलवाडी आणि इकडे राम-मुळा संगम, अशा ठिकाणी लोक एक छोटा पट्टा निवडतात आणि तिथे सतत काम करतात. कचरा काढणं, काठावर देशी झाडं जपणं, मुलांना नदीफेरीला आणणं, पक्षी आणि किड्यांची नोंद ठेवणं, असं हे काम. रामनदीसाठी किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवाच्या पुढाकारानेही पुनरुज्जीवन अभियान सुरू झालं.

स्वच्छ नदी आणि जिवंत नदी यांत फरक काय?

कचरा उचलला की नदी स्वच्छ दिसते. ती जिवंत असते तेव्हा मात्र तिच्यात कोणीतरी राहत असतं.

दगडगोट्यांवरून खळखळत जाताना पाण्यात हवेतला ऑक्सिजन मिसळतो. पुढच्या डोहात उन्हाळ्यातही पाणी टिकतं आणि मासे तिथे तग धरतात. काठावरची उंबर, करंज, वाळुंज ही झाडं मुळांनी माती धरून ठेवतात आणि सावलीने पाणी थंड ठेवतात. खंड्या पक्षी मातीच्या उभ्या काठात बीळ करून अंडी घालतो. चतुराची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. म्हणजे चतुर टिकले तर डासांना आळा बसतो.

आता पात्र यंत्राने सरळ आणि सपाट केलं, काठाला काँक्रीटची भिंत घातली, तर काय होईल? प्लास्टिकचा तुकडाही दिसणार नाही, पण खंड्याला बीळ करायला माती नाही, माशाला डोह नाही आणि चतुराला गवताची काडी नाही.

मग अडतं कुठे?

तीन ठिकाणी, आणि तिन्ही ठिकाणी निर्णय स्वयंसेवकांच्या हातात नाही.

पहिलं सांडपाणी. जलपर्णी वाढते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. ती कितीही वेळा उपसली तरी खाणं येत राहिलं की ती परत येते. शिवाय नदीचा वरचा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. तिथल्या सोसायट्यांचं पाणी खाली वाहत येतं, हद्द बघून थांबत नाही.

दुसरं झरे. पावसाळा संपल्यावर ओढा वाहतो तो झऱ्यांवर. टेकडी फोडली, झऱ्याच्या तोंडावर रस्ता किंवा इमारत आली, की उन्हाळ्यात पात्रात उरतं ते फक्त सांडपाणी.

तिसरं जागा. ४ ऑक्टोबर २०१० च्या पावसात रामनदीच्या पुराने माणसं गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यासह अनेक ओढे फुगले आणि पुणे परिसरात वीसहून अधिक जणांचा जीव गेला. पुराच्या पाण्याला पसरायला काठ लागतो. तोच काठ पक्ष्यांना आणि झाडांनाही लागतो. म्हणजे माणसाची सुरक्षितता आणि नदीतलं जीवन यांची मागणी एकच आहे : नदीची जागा नदीला द्या.

नदीकाठ सुधार प्रकल्पावरून वाद का?

६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मुळा-मुठेच्या कामांचं भूमिपूजन झालं. त्यात दोन वेगळे प्रकल्प आहेत, पण बोलताना ते एकत्र केले जातात. एक सांडपाणी शुद्धीकरणाचा : ११ केंद्रं, एकूण क्षमता रोज सुमारे ४० कोटी लिटर. दुसरा नदीकाठ सुधाराचा : बांध, फिरायला रस्ते, बागा, घाट. पहिल्याची गरज जवळजवळ सगळ्यांना मान्य आहे. वाद दुसऱ्यावर आहे.

महापालिकेचं म्हणणं असं की, बांधामुळे पुरापासून संरक्षण मिळेल आणि लोक नदीजवळ येतील. पर्यावरण अभ्यासकांचा आक्षेप असा की, भरावाने पात्राची जागा कमी होईल आणि काठची नैसर्गिक झाडी जाईल. २०२५ च्या सुरुवातीला बाणेर-औंधच्या राम-मुळा संगमाजवळच्या झाडांचा प्रश्न आला, तेव्हा नागरिक मोठ्या संख्येने तिथे जमले. ज्या काठावर लोकांनी वर्षानुवर्षं श्रमदान केलं, तोच काठ विकासाच्या आराखड्यात होता.

मग श्रमदानाचा उपयोग काय?

वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यावर जाणाऱ्या माणसाला तिथलं प्रत्येक झाड, झरा आणि सांडपाण्याचं तोंड माहीत होतं. काठावर रात्रीतून राडारोडा पडला तर पहिलं त्याच्या लक्षात येतं. हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा नोंदींसह बोलणारा माणूसही तोच असतो. किती किलो कचरा निघाला यापेक्षा ही जाणकार माणसं तयार होणं ही श्रमदानाची खरी कमाई आहे. पण त्यांच्या नोंदी आराखडा करणाऱ्यांच्या टेबलावर पोचल्या नाहीत, तर पुढचा रविवारही कचऱ्यातच जातो.

तुमच्या जवळच्या ओढ्याबद्दल तीन प्रश्न विचारून बघा. त्यात सांडपाणी नेमकं कुठून येतं? निळी पूररेषा, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, कुठे आहे आणि तिच्या आत काय बांधलंय? आणि मार्च-एप्रिलमध्ये त्यात झऱ्याचं पाणी असतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं महापालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे मागता येतात. तिसऱ्यासाठी काठावर जावं लागतं.