एकांच्या ओळीचे मूळ अवयव

१ आणि स्वतः ती संख्या एवढेच विभाजक असणारी, १ पेक्षा मोठी संख्या म्हणजे मूळ संख्या, आणि क्रम सोडला तर प्रत्येक संयुक्त संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, एवढे वर्गात सांगून होते. पुढे मात्र अवयव पाडणे मसावि-लसाविच्या उदाहरणांपुरतेच उरते आणि २, ३, ५, ११ च्या विभाज्यतेच्या कसोट्या लागू पडेनाशा झाल्या की फळ्यावरची उदाहरणेही थांबतात. वास्तविक विषय रंगतो तो त्यापुढेच.

नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ६१७४ या स्थिरांकामुळे सर्वांना परिचित आहेत; त्यांच्या डेम्लो संख्यांकडे मात्र शिक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या संख्यांपैकी १२१, १२३२१, १२३४५४३२१ या सर्वपरिचित संख्या ११, १११, १११११ या एकांच्या संख्यांचे वर्ग आहेत, म्हणून त्यांचे अवयव पाडायचे तर आधी एकांच्या ओळीचेच पाडावे लागतात.

१११११ घ्यावी. तिचा p हा मूळ अवयव असेल, तर तो ९९९९९ लाही भागतो, म्हणजे १० च्या पाचव्या घाताला p ने भागल्यास बाकी १ उरते; फर्माच्या प्रमेयानुसार १० च्या (p − १) व्या घाताचीही बाकी १ च असते, आणि ५ ही मूळ संख्या असल्याने, p = ३ हा अपवाद वगळता, p − १ ला ५ ने भाग जावाच लागतो. अंकांची बेरीज ५ असल्याने ३ बाद होतो. p विषम असल्याने त्याचा एकक अंक १ च असणार, म्हणून ११, ३१, ४१ एवढेच तपासले की १११११ = ४१ × २७१ हे हाती येते; सरळ क्रमाने गेल्यास ४१ ही तेरावी मूळ संख्या आहे. १/४१ = ०.०२४३९०२४३९… यातील आवर्ती गट पाच अंकी असण्याचे कारणही हेच, पण पाठ्यपुस्तकात ही दोन प्रकरणे एकमेकांना कधी भेटत नाहीत.

अवयव पाडण्याच्या याच कष्टांवर १९७७ ची आरएसए ही सांकेतीकरण पद्धत उभी आहे. तो विषय स्वतंत्र अंकाचा.

सुट्टीसाठी १३ एकांची संख्या द्यावी. तिचे मूळ अवयव २६k + १ या रूपाचे असल्याने पहिले दोन उमेदवार ५३ आणि ७९, आणि दोन्हींनी भाग जातो. उरलेली २६५३७१६५३ मूळ आहे हे दाखवण्यासाठी मात्र १६,२९० पर्यंतचे त्याच रूपाचे उमेदवार तपासावे लागतात, ते काम वर्गात वाटून द्यावे.