मिठीआधी स्टॉपवॉच

बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या स्पर्धेला स्वयंसेवक म्हणून निघालेल्या मुलामुलींना घरून दोन सल्ले मिळतात. "त्यांना हारजीत काय कळते? सगळ्यांना पदक द्या, टाळ्या वाजवा," हा एक. "पुण्याचे काम आहे, जा," हा दुसरा. दोन्ही प्रेमापोटी दिलेले असतात. तरीही दोन्ही चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत खेळाडूला मोजावी लागते.

हारजीत कळत नाही, हे म्हणणे स्पर्धेची रचना पाहिली की टिकत नाही. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकाराने २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली स्पेशल ऑलिम्पिक्स स्पर्धा झाली. आज या चळवळीत आधी प्राथमिक फेरी होते आणि तिच्यातील कामगिरी, वय व लिंग पाहून अंतिम फेरीचे गट पाडले जातात. गटातल्या सर्वांत सरस आणि सर्वांत मागच्या कामगिरीत साधारण १५ टक्क्यांहून जास्त अंतर नसावे, असा संकेत आहे. पहिल्या तिघांना पदके मिळतात, पुढच्यांना क्रमांकाच्या फिती. चौथा आलेला चौथाच असतो.

यावर लगेच विचारले जाते, इतके गट पाडून मिळवलेले सुवर्ण ते कसले सुवर्ण? २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत भारताने ७६ सुवर्णांसह २०२ पदके जिंकली, तेव्हाही हा सूर ऐकू आला. गट जास्त म्हणून पदके जास्त, हे खरेच आहे. पण खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते बँटमवेट गटात. हेवीवेट मल्लाशी ते लढले नाहीत, म्हणून त्या पदकाचा कस कमी झाला असे महाराष्ट्रात कोणी म्हणेल का? तुल्यबळ जोड लावल्याशिवाय कुस्ती होत नाही, हे आपल्याला जत्रेच्या फडापासून ठाऊक आहे. मग तोच न्याय या धावपटूला लावताना तो दयेचा कसा होतो?

स्वयंसेवकाचे खरे काम इथे सुरू होते. समजा, ५० मीटरच्या प्राथमिक फेरीत एक मुलगी १० सेकंदांत धावली. स्टॉपवॉच धरलेला स्वयंसेवक तिला प्रोत्साहन देण्यात गुंतला आणि त्याने बटण एक सेकंद उशिरा दाबले. तिच्या कामगिरीत १० टक्क्यांची चूक झाली. ती स्वतःपेक्षा संथ धावपटूंच्या गटात जाते आणि त्या गटातल्या मुलींचे पदक हिरावले जाते. शिवाय अंतिम फेरीत कामगिरी मर्यादेपलीकडे सुधारलेली दिसली, तर खेळाडूने आधी मुद्दाम कमी जोर लावला असे मानून त्याला बाद करण्याचा नियमही अनेक ठिकाणी असतो. म्हणजे आपल्या मायेच्या एका सेकंदापायी तिच्यावर लबाडीचा ठपका येऊ शकतो.

म्हणून मला भावुक स्वयंसेवकापेक्षा चोख स्वयंसेवक हवा. नावे पुकारताना खेळाडू वेळेवर रांगेत आणणारा, छातीवरचा क्रमांक दोनदा तपासणारा, शर्यत चालू असताना धावपट्टीबाहेर राहणारा. एके काळी अंतिम रेषेवर मिठी मारण्यासाठीच खास स्वयंसेवक उभे केले जात; ती प्रथा पुढे मागे पडली, हे उत्तम झाले. या स्पर्धांना वरची वयोमर्यादा नाही. पस्तिशीच्या गोळाफेकपटूला विशीतल्या विद्यार्थ्याने "बाळा" म्हणून गोंजारावे, हे मला सहन होत नाही. त्याला अहो-जाहो करा. त्याने हात पुढे केला तर हस्तांदोलन करा, त्याला मिठी मारायची असेल तर तो मारील.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: वेगळी स्पर्धा भरवणे म्हणजे या माणसांना पुन्हा वेगळे पाडणेच नाही का? यात तथ्य आहे. वर्षातून एक दिवस मैदान सजवायचे आणि उरलेले दिवस गल्लीतल्या क्रिकेटमध्येही त्यांना घ्यायचे नाही, असे चालत असेल तर तो दिवस अपुराच आहे. पण त्यावर उपाय स्पर्धा बंद करणे हा नाही. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात खेळतात, ते युनिफाइड स्पोर्ट्स याच चळवळीतून आले आहे. तिथे अक्षमता नसलेल्या मुलाला स्वयंसेवकाचे ओळखपत्र लागत नाही. तो सहखेळाडू असतो, पास चुकला तर बोलणी खातो.

आपल्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करावे लागते. त्यातले तास स्पर्धेच्या एका दिवसात, टोपी घालून फोटो काढण्यात का संपवायचे? जवळच्या विशेष शाळेच्या मैदानावर दर आठवड्याला दोन तास सरावाला जा. कोणाला शिट्टीचा आवाज सोसत नाही, कोणाला सूचना एका वेळी एकच द्यावी लागते, कोण अंतिम रेषेच्या आधीच थांबतो, हे तिथेच कळते. स्पर्धेच्या सकाळी मिळणाऱ्या अर्ध्या तासाच्या माहितीसत्रात ते कधीच कळणार नाही. प्राचार्यांनी हे सरावाचे तास हजेरीत धरावेत, आणि स्पर्धेच्या दिवशी घड्याळ अशाच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे.