पोळे पेटवण्यापूर्वी माशी ओळखा



डाळिंब फुलावर आले की बागेत माश्यांची वर्दळ वाढते. बांधावरच्या झाडाला पोळे दिसले, की "गांधीलमाश्या आहेत, लावा पलिता" असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. जरा थांबा आणि आधी माशी ओळखा.

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात कितीतरी घरांचा संसार डाळिंबावर चालतो. डाळिंबाच्या एकाच झाडावर नर फुले आणि फळ धरणारी फुले अशी दोन्ही येतात. पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम मधमाशी फुकट करते. तिचे पोळे जाळले, तर नुकसान आपल्याच बागेचे.

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवर जाऊ नका. ते दोघींनाही असतात. मधमाशीच्या अंगावर लव असते आणि मागच्या पायांना परागाचे गोळे दिसतात. गांधीलमाशीचे अंग गुळगुळीत, कंबर सुतासारखी बारीक.

घरही पाहा. मधमाशीचे पोळे मेणाचे. फुलोरी माशी काटकीला छोटे, एकच पोळे लावते; सातेरी ढोलीत राहते; आग्या उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला लोंबते. गांधीलमाशी लाकूड कुरतडून त्याच्या लगद्याचे करडे, कागदासारखे घर बांधते. गोठ्याच्या आढ्याला ते देठाने टांगलेले दिसते. त्यात मध नसतो.

गांधीलमाशीही निव्वळ वैरीण नव्हे. पिकावरच्या अळ्या मारून ती पिलांना चारते. आडबाजूला घर असेल तर राहू द्या. दारात किंवा गोठ्यात असेल तर माहितगाराकडूनच काढवा.

आग्या माशीला मात्र कधीही डिवचू नका. उठलीच, तर हात न झाडता तोंड झाकून घरात पळा. विहिरीत उडी मारू नका.

मधमाशीची नांगी कातडीत राहते. ती लगेच नखाने खरवडून काढा. गांधीलमाशीची राहत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डसते. जागा साबणाने धुवून गार पाण्याची पट्टी ठेवा. दम लागला, तोंड सुजले, चक्कर आली किंवा पुष्कळ डंख झाले, तर चुना-हळदीत वेळ न दवडता 108 ला फोन करा, दवाखाना गाठा.

आणि एक. फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो टाळा. फवारावेच लागले, तर दिवस मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर फवारा.