मोजणी फुलांची, विसर माणसांचा

उत्तराखंडातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि तेथील चराई बंद पडली. पुढे पॉलिगोनम ही उंच वनस्पती तेथे फैलावली. लहान फुलझाडे तिच्या सावलीत दबू लागली. चराईबंदीमुळेच ती माजली काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बर्फ वितळल्यानंतरच्या मोजक्या महिन्यांत, वर्षानुवर्षे चिकाटीने केलेल्या नोंदीच हा वाद मिटवू शकतील. परंतु ज्या पशुपालकांनी ही कुरणे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्यांना या कामात केवळ तण उपटणारे मजूर म्हणूनच स्थान मिळणार असेल, तर ते शास्त्रही अपुरे आणि तो न्यायही अपुरा. ज्यांच्या उपजीविकेवर बंदी आली, त्यांना नोंदींत आणि निर्णयांत वाटा मिळालाच पाहिजे.