सीएनएन वृत्तवाहिनीचा इतिहास

केबल न्यूज नेटवर्क, संक्षेपाने सीएनएन, ही अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या अटलांटा शहरात इ.स. १९८० साली सुरू झालेली इंग्रजी वृत्तवाहिनी आहे. अहोरात्र केवळ बातम्या देणारी ही जगातील पहिली दूरचित्रवाणी वाहिनी मानली जाते. उद्योजक टेड टर्नर हे तिचे संस्थापक आणि पत्रकार रीस शॉनफेल्ड हे पहिले अध्यक्ष होत. चोवीस तास भरून काढण्याइतक्या बातम्या रोज घडत नाहीत, ही अडचण वाहिनीच्या पाठीशी जन्मापासून आहे. रिकाम्या तासांत काय दाखवायचे या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरे मिळाली, त्यांतून या वाहिनीचे आणि पुढे तिच्या धर्तीवर निघालेल्या अनेक वाहिन्यांचे स्वरूप घडत गेले. मराठी वृत्तवाहिन्याही याला अपवाद नाहीत.

पार्श्वभूमी

इ.स. १९८० पूर्वी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन कंपन्यांचे वर्चस्व होते. त्यांचे राष्ट्रीय बातमीपत्र १९६३ सालापर्यंत केवळ पंधरा मिनिटांचे असे. त्या वर्षी सीबीएस आणि एनबीसी यांनी ते अर्ध्या तासाचे केले. जाहिराती वगळता बातम्यांच्या वाट्याला बावीस-तेवीस मिनिटेच येत, आणि त्या ठरावीक वेळी घरी नसलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर विसंबावे लागे.

टर्नर यांचा मूळ व्यवसाय रस्त्याकडेच्या जाहिरातफलकांचा. इ.स. १९६३ मध्ये वडिलांनी आत्महत्या केल्यानंतर त्यांनी तो सांभाळला आणि १९७० साली अटलांटातील तोट्यात चाललेले एक लहान दूरचित्रवाणी केंद्र विकत घेतले. बातम्यांविषयी त्यांना त्या काळी मुळीच आस्था नव्हती. नियमांपुरत्या आवश्यक असलेल्या बातम्या त्यांचे केंद्र उत्तररात्री दाखवी, आणि त्याही थट्टेच्या सुरात. एकदा निवेदकाच्या शेजारी सहनिवेदक म्हणून चक्क कुत्रा बसविण्यात आला होता. डिसेंबर १९७६ मध्ये टर्नर यांनी आपल्या केंद्राचे प्रक्षेपण उपग्रहावरून देशभरातील केबलचालकांना उपलब्ध करून दिले. त्यामुळे अटलांटातील एका गल्लीतले केंद्र राष्ट्रीय झाले. उपग्रह आणि केबल यांच्या जोडीने तिन्ही बड्या कंपन्यांना वळसा घालून थेट घराघरांत पोहोचता येते, हे त्यांना येथेच उमगले. चित्रपट आणि खेळ या दोन्ही क्षेत्रांत केबलवर आधीच कोणी ना कोणी उतरलेले असल्याने मोकळे राहिलेले क्षेत्र बातम्यांचे होते. वाहिनीची कल्पना ध्येयवादापेक्षा व्यवसायाच्या अशा हिशेबातून निघाली, ही गोष्ट तिच्या गौरवपर इतिहासांत अनेकदा मागे पडते.

स्थापना आणि पहिली वर्षे

वाहिनीसाठी राखून ठेवलेला आरसीए कंपनीचा सॅटकॉम-३ हा उपग्रह डिसेंबर १९७९ मध्ये प्रक्षेपणानंतर काही दिवसांतच हरवला. टर्नर यांनी कंपनीला न्यायालयात खेचून जुन्या सॅटकॉम-१ उपग्रहावर जागा मिळविली. भांडवलासाठी त्यांनी शार्लट शहरातील आपले केंद्र वेस्टिंगहाऊस कंपनीला विकले. याच वेस्टिंगहाऊसने दोन वर्षांनी एबीसीच्या साहाय्याने प्रतिस्पर्धी वृत्तवाहिनी काढली.

दिनांक १ जून १९८० रोजी सायंकाळी पाच वाजता प्रक्षेपण सुरू झाले. डेव्हिड वॉकर आणि लॉइस हार्ट या पती-पत्नींनी पहिले बातमीपत्र सादर केले. नागरी हक्कांच्या चळवळीतील नेते व्हर्नन जॉर्डन यांच्यावर झालेला गोळीबार आणि त्यांना भेटण्यासाठी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे रुग्णालयात जाणे ही आरंभीची बातमी होती. त्या दिवशी वाहिनी सुमारे १७ लाख घरांत दिसत होती. जगाचा अंत होईपर्यंत प्रक्षेपण थांबणार नाही, अशी टर्नर यांची घोषणा होती. त्या अखेरच्या क्षणासाठी लष्करी वाद्यवृंदाने वाजविलेल्या एका ख्रिस्ती स्तोत्राची ध्वनिचित्रफीतही त्यांनी तयार करून ठेवली होती. ती २०१५ साली लोकांसमोर आली.

न्यूयॉर्कऐवजी अटलांटाची निवड करण्यामागे काटकसर होती. तेथे कामगार संघटनांचा जोर नव्हता. नुकतेच महाविद्यालयातून बाहेर पडलेले तरुण अल्प वेतनावर कॅमेरा, संकलन आणि लेखन अशी सर्व कामे करीत. निवेदकाच्या मागे वृत्तकक्षातील धावपळ दिसत राहील अशी मांडणी येथे होती. तांत्रिक चुका इतक्या होत, की प्रतिस्पर्धी या वाहिनीची 'चिकन नूडल नेटवर्क' म्हणून टर उडवीत.

तरीही ती टिकली, आणि त्याचे कारण तिच्या उत्पन्नाच्या रचनेत आहे. जुन्या कंपन्या सर्वस्वी जाहिरातींवर अवलंबून होत्या. सीएनएनला जाहिरातींखेरीज प्रत्येक वर्गणीदारामागे केबलचालकाकडून दरमहा काही सेंट मिळत. प्रेक्षकाने ती वाहिनी पाहो वा न पाहो, ही रक्कम येतच राही. जून १९८२ मध्ये एबीसी व वेस्टिंगहाऊस यांनी आपली सॅटेलाइट न्यूज चॅनेल ही वाहिनी केबलचालकांना फुकट देऊ केली, तेव्हा या रचनेवरच घाला आला. टर्नर यांनी त्याआधीच, १ जानेवारी १९८२ रोजी, दर अर्ध्या तासाला ठळक बातम्या देणारी दुसरी वाहिनी सुरू केली होती. तोट्याची ही चुरस सव्वा वर्ष चालली. ऑक्टोबर १९८३ मध्ये टर्नर यांनी प्रतिस्पर्धी वाहिनी सुमारे अडीच कोटी डॉलरना विकत घेऊन बंद केली. सीएनएनला पहिला नफा १९८५ साली झाला.

व्हाइट हाऊसमधील सामायिक वार्तांकन-गटात जुन्या तीन कंपन्यांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा, यासाठी वाहिनीने १९८१ साली सरकारविरुद्ध आणि त्या कंपन्यांविरुद्ध दावा लावला व हा प्रवेश मिळविला. सदतीस वर्षांनंतर, नोव्हेंबर २०१८ मध्ये, आपल्या वार्ताहराचे प्रवेशपत्र काढून घेतल्याबद्दल तिला पुन्हा व्हाइट हाऊसविरुद्ध न्यायालयात जावे लागले. त्याही वेळी न्यायालयाने ते तात्पुरते परत देण्याचा आदेश दिला.

थेट प्रक्षेपणाचे दशक

दिनांक २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. अशा उड्डाणांचे अप्रूप संपल्याने मोठ्या कंपन्या त्या वेळी आपले नेहमीचे कार्यक्रम दाखवीत होत्या. सीएनएनवर ते दृश्य थेट दिसले. पुढील वर्षी टेक्सासमधील मिडलंड येथे एका अरुंद विहिरीत पडलेल्या लहान मुलीच्या सुटकेचे प्रयत्न वाहिनीने अखंड दाखविले. वस्तुतः ती स्थानिक घटना होती. पण अनिश्चित शेवट असलेले एकच दृश्य तासन्‌तास दाखविले तरी प्रेक्षक जागचा हलत नाही, हा शोध रिकाम्या तासांच्या प्रश्नावर मोठाच उपाय ठरला. मे १९८९ मध्ये बीजिंगमधील विद्यार्थी आंदोलनाचे प्रक्षेपण चिनी अधिकाऱ्यांनी बंद पाडले. ते बंद पाडण्यावरून चाललेली हुज्जतही प्रेक्षकांनी थेट पाहिली.

वाहिनीच्या प्रतिष्ठेचा कळस म्हणजे १९९१ चे आखाती युद्ध. दिनांक १७ जानेवारीच्या पहाटे बगदादवर हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा अल-रशीद हॉटेलमधून बर्नार्ड शॉ, पीटर आर्नेट आणि जॉन हॉलिमन यांनी त्यांचे वर्णन केले. इतर कंपन्यांचा संपर्क तुटला असताना सीएनएनकडे आधीच मिळविलेली स्वतंत्र दूरध्वनी-वाहिनी होती. म्हणून दूरचित्रवाणीच्या इतिहासातील या सुप्रसिद्ध रात्रीचे यश बव्हंशी आवाजाचे होते, चित्राचे नव्हे. आर्नेट पुढे इराकी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली बगदादमध्येच राहिले. त्यांनी सद्दाम हुसेन यांची मुलाखत घेतली आणि शत्रूच्या प्रचाराला हातभार लावल्याचा आरोप सोसला. शत्रूच्या राजधानीत राहून वार्तांकन करण्याची किंमत काय, हा प्रश्न त्या वर्षापुरता नव्हता. वृत्तविभागाचे तत्कालीन प्रमुख ईसन जॉर्डन यांनी एप्रिल २००३ मध्ये एका लेखात असे उघड केले, की इराकी सहकाऱ्यांच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून सद्दाम राजवटीच्या अत्याचारांविषयीची काही माहिती वाहिनीने वर्षानुवर्षे दडवून ठेवली होती. तो निर्णय माणुसकीचा होता असे म्हणता येईल. पण तेथून येणाऱ्या इतर बातम्या किती पूर्ण होत्या, ही शंका त्याने कायमची मागे ठेवली.

'सीएनएन प्रभाव'

दूरचित्रवाणीवरील दृश्यांच्या दडपणामुळे सरकारे परराष्ट्र धोरण बदलतात, या कल्पनेला १९९० च्या दशकात 'सीएनएन प्रभाव' हे नाव मिळाले. सोमालियाचे उदाहरण नेहमी दिले जाते. भुकेलेल्या मुलांच्या चित्रांमुळे डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकी सैन्य तेथे उतरले आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या रस्त्यांवरून मृत सैनिकाला फरफटत नेल्याच्या चित्रांमुळे ते परतले, असा हा युक्तिवाद आहे. अभ्यासकांना तो इतका सरळ वाटत नाही. स्टीव्हन लिव्हिंगस्टन आणि टॉड एकस यांनी १९९५ साली दाखवून दिले, की सोमालियातील दुष्काळाकडे अधिकारी व राजकारणी वळल्यानंतर कॅमेरे तेथे पोहोचले होते. पिअर्स रॉबिन्सन यांच्या मते धोरण आधीच डळमळीत असेल तेव्हाच दृश्यांचा प्रभाव पडतो. हा निष्कर्ष अधिक पटण्याजोगा आहे. कारण त्याच दशकात दृश्ये उपलब्ध असूनही सरकारे स्वस्थ बसल्याची उदाहरणे, बॉस्नियातील पहिल्या वर्षांसह, पुष्कळ आहेत.

स्पर्धा आणि चर्चेकडे वळण

ऑक्टोबर १९९६ मध्ये टर्नर यांची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. त्याच वर्षी एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज या वाहिन्या निघाल्या, आणि २००२ च्या आरंभी फॉक्सने प्रेक्षकसंख्येत सीएनएनला मागे टाकले. परदेशी प्रतिनिधी आणि उपग्रहजोडणी यांचा खर्च मोठा असतो. चार माणसे एका टेबलाभोवती बसवून वाद घालायला लावणे अत्यंत स्वस्त पडते. फॉक्सने या स्वस्त मार्गाला ठाम राजकीय भूमिकेची जोड दिली. अर्थात वादचर्चेचा पायंडा फॉक्सने पाडला असे मात्र म्हणता येत नाही. सीएनएनचा 'क्रॉसफायर' हा कार्यक्रम १९८२ पासूनच चालू होता.

घाईचे दुष्परिणामही याच काळात दिसले. व्हिएतनाम युद्धकाळात अमेरिकी सैन्याने लाओसमध्ये विषारी वायू वापरल्याचे वृत्त जून १९९८ मध्ये देऊन वाहिनीला महिन्याभरात ते मागे घ्यावे लागले. नोव्हेंबर २००० मध्ये फ्लोरिडा राज्याचा निवडणूक निकाल इतर वाहिन्यांप्रमाणेच तिनेही एकाच रात्रीत दोनदा जाहीर केला आणि दोनदा मागे घेतला. दिनांक ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांचे वृत्त देणाऱ्या पहिल्या वाहिन्यांत ती होती. पडद्याच्या तळाशी सरकणारी बातम्यांची पट्टी त्या दिवशी आली. डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारसभा २०१५-१६ मध्ये अखंड दाखविल्या गेल्या, ते योग्य नव्हते असे तत्कालीन प्रमुख जेफ झकर यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

भारतातील पडसाद

मुंबईत १९८० च्या दशकात केबल आली ती इमारतींमध्ये व्हीसीआरवरून चित्रपट दाखविण्यासाठी. आखाती युद्धाच्या वेळी मोठ्या हॉटेलांत सीएनएन दिसू लागली आणि केबलवाल्यांनी गच्च्यांवर तबकड्या बसविल्या. पुढे टर्नर यांच्या कंपनीशी सहकार्य करून डिसेंबर २००५ मध्ये सीएनएन-आयबीएन ही भारतीय इंग्रजी वाहिनी निघाली. ती आता सीएनएन-न्यूज१८ म्हणून ओळखली जाते. तिच्याच समूहाने लोकमत समूहाबरोबर २००८ साली आयबीएन-लोकमत सुरू केली. त्याआधी, २००७ मध्ये, झी २४ तास आणि स्टार माझा या मराठी वाहिन्या आल्या होत्या.

मात्र अमेरिकेतील अर्थरचना येथे उलटी झाली. सीएनएनला केबलचालक पैसे देत. भारतात बहुतेक वृत्तवाहिन्या प्रेक्षकांना विनामूल्य असून प्रक्षेपणासाठी वाहिनीच केबलचालकाला 'कॅरेज फी' देत आली. वर्गणीचा आधार नसल्याने सारी भिस्त जाहिरातींवर, पर्यायाने टीआरपीवर, राहिली. अटलांटाच्या वाहिनीला चर्चांकडे वळायला वीस वर्षे लागली, मराठी वाहिन्यांना तेवढी उसंत मिळाली नाही, ती यामुळे. जिल्ह्याच्या ठिकाणचा वार्ताहर सांभाळण्यापेक्षा संध्याकाळची चर्चा परवडते.

थेट प्रक्षेपणाची मर्यादा मुंबईने सर्वांत कठोरपणे अनुभवली. दिनांक २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात सुरक्षा दलांच्या हालचाली पडद्यावर दिसत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मधील निकालपत्रात या वार्तांकनावर कडक ताशेरे ओढले, आणि २०१५ साली केबल नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण निषिद्ध ठरले. कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच तेवढी दाखविता येते.

सद्यस्थिती

टाइम वॉर्नर २०१८ मध्ये एटी अँड टी कंपनीकडे गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये डिस्कव्हरीशी विलीन होऊन वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी बनली. इंटरनेटवरील सीएनएन प्लस ही सशुल्क सेवा २९ मार्च २०२२ रोजी सुरू होऊन नव्या मालकांनी महिनाभरातच बंद केली. त्यानंतरचे प्रमुख ख्रिस लिच्ट यांना जून २०२३ मध्ये पद सोडावे लागले. त्यांच्या जागी पूर्वी बीबीसी आणि न्यूयॉर्क टाइम्स येथे काम केलेले मार्क थॉम्पसन आले. केबल सोडणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची संख्या वाढत असल्याने, कोणी पाहो वा न पाहो, येत राहणारी वर्गणी वर्षागणिक घटत आहे. जून २०२५ मध्ये मूळ कंपनीने आपले दोन भाग करण्याचे जाहीर केले. त्या योजनेत चित्रपटनिर्मिती आणि स्ट्रीमिंग एका भागात, तर सीएनएनसह केबल वाहिन्या दुसऱ्या भागात ठेवून कर्जाचा मोठा भार केबल वाहिन्यांच्या कंपनीकडे देण्यात आला होता.