खिंड कोणी लढवली?

लडाखच्या मोटारसायकल-स्वाऱ्यांचे मराठी वाङ्मय आता इतके झाले आहे, की त्यास एक स्वतंत्र प्रकार मानण्यास हरकत नसावी. आणि प्रकार म्हटला, की त्याचे संकेत आलेच. गाड्या रेल्वेने पुढे पाठवायच्या, मनालीस किंवा श्रीनगरास पहिला मुक्काम करायचा, वाटेत दोघांची डोकी दुखायची, एकाची साखळी तुटायची, आणि शेवटी खारदुंग ला येथील फलकाला टेकून छायाचित्र काढून खाली लिहायचे, ‘अखेर खारदुंग ला सर केला!’ मध्ये कोठेतरी बर्फ येतो. तो प्रथम ‘पांढराशुभ्र’ असतो, मग ‘कापसासारखा’ होतो आणि एका परिच्छेदापुरता ‘मृत्यूचा सापळा’ बनतो. पुढच्या परिच्छेदात गाडी सुखरूप पलीकडे गेलेली असते. ती कशी गेली, हे लेखक सांगत नाही. आमचा वाद या दोन गोष्टींशी आहे: ‘सर केला’ या क्रियापदाशी आणि त्या न सांगितलेल्या ‘कशी’शी. आमच्या मते हे दोन दोष नसून एकाच दोषाची दोन रूपे आहेत.

मराठी मुलखाला बर्फाचा अनुभव नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले, तरी आपल्याकडे त्याची बातमी होते. गोळेवाल्याच्या गाडीवर किसला जातो तो बर्फ, सुरमईवर पसरतात तो बर्फ आणि बारालाचाच्या उतारावर पडून असतो तोही बर्फच. भाषेत शब्द थोडे असणे हा लेखकाचा अपराध नव्हे. मात्र शब्द थोडे असताना नजरही थोडी असणे, हा अपराध आहे. मोटारसायकलस्वाराच्या दृष्टीने तेथे निदान चार निरनिराळ्या वस्तू असतात. एक, ताजा पडलेला भुसभुशीत हिम, ज्यात चाक रुतते. दोन, ट्रकांच्या चाकांखाली दडपून काचेसारखा झालेला थर. तीन, भर दुपारी कडेच्या हिमभिंती वितळून रस्त्यावरून वाहणारे पाणी. आणि चार, सूर्य डोंगराआड जाताच त्याच पाण्याचा झालेला पातळ, पारदर्शक पापुद्रा. त्यातून खालचे डांबर जसेच्या तसे दिसते. पहिले तीन प्रकार डोळ्यांना सावध करतात. चौथा केवळ ओल्या रस्त्यासारखा दिसतो. आमच्या प्रवासवर्णनांत पहिल्या प्रकाराची वर्णने उदंड आहेत आणि चौथ्याचे नावही क्वचितच आढळते.

दुचाकी उभी राहते ती स्थिर असते म्हणून नव्हे. ती सतत पडू पाहत असते, आणि चालक हॅण्डल त्या बाजूस किंचित वळवून चाके पुन्हा भाराखाली आणीत असतो. हे तो नकळत करतो. पण ते घडण्यासाठी टायरने रस्ता धरून ठेवावा लागतो. रस्त्याची पकड गेली, की तोल राखण्याचे साधनच गेले. मोटारगाडी बर्फावर घसरते तरी चार चाकांवर उभी राहते. मोटारसायकल घसरली की आडवी होते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक सुमारे ०.७ धरला, तर बर्फावर तो ०.१ च्या आसपास येतो. म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन, ब्रेक लागल्यापासून, कोरड्या रस्त्यावर नऊ-दहा मीटरांत थांबेल आणि बर्फावर त्यास साठ मीटरांहून अधिक लागतील. घाटाच्या वळणावर साठ मीटर कोणापाशी असतात? आता बहुतेक गाड्यांना एबीएस असते, हे खरे. पण ते चाक अडकू देत नाही एवढेच. नसलेले घर्षण ते निर्माण करू शकत नाही.

आणखी एक समज पाहावा. थंडी जितकी कडक तितका बर्फ निसरडा, असे वाटते. वस्तुतः गोठणबिंदूच्या जवळचा बर्फ कडाक्याच्या थंडीतील बर्फाहून अधिक निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याची ओल सुटते. म्हणून ‘आज ऊन छान आहे’ हे वाक्य पर्यटकाच्या रोजनिशीत आनंदाचे असते आणि स्वाराच्या रोजनिशीत ते सावधगिरीचे असावयास हवे. त्यातच सतरा हजार फुटांवर हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. बोटे बधिर, विचार मंद, आणि त्याच बोटांनी पुढचा ब्रेक अलगद हाताळायचा!

मग गाडी पलीकडे कशी जाते? ती जाते वेग सोडल्यामुळे. खालचा गिअर, न हिंदकळणारा थ्रॉटल, पुढच्या ब्रेकचा मोह टाळणे, गुळगुळीत चाकोरी सोडून जेथे खडी किंवा भुसभुशीत हिम आहे तेथून जाणे, प्रसंगी दोन्ही पाय खाली टेकून पावलागणिक सरकणे, आणि सर्वांत कठीण म्हणजे दुपार कलली असता परत फिरणे. यात शौर्यास जागा फार थोडी आहे. लक्ष देण्यास मात्र फार. जर्मनीत १९५६ पासून भर हिवाळ्यात मोटारसायकलस्वारांचा ‘एलेफान्टेनट्रेफेन’ नावाचा मेळा भरतो. तेथे बर्फातून येणाऱ्यांत कितीतरी जण साइडकार जोडून येतात. तिसरे चाक असले की गाडी घसरली तरी पडत नाही, हे साधे कारण. बर्फाशी नित्य संबंध असलेला समाज आपली सोय करून घेतो आणि त्यात कमीपणा मानीत नाही. आमचे वीर मात्र जोझी ला येथे रस्ता निसरडा म्हणून दुचाकी अडवणाऱ्या पोलिसास चुकवून पुढे गेल्याची कथा पराक्रम म्हणून सांगतात. ती वाचून पुढच्या वर्षी विशीतला एखादा मुलगा निघतो. त्याच्या आईवडिलांपुढे आमच्या या लेखकांनी काय उत्तर द्यावे?

आता ‘सर करणे’. किल्ला सर होतो, कारण तो कोणीतरी राखलेला असतो. खिंडीचे क्रियापद मराठीत निराळे आहे. १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी घोडखिंड सर केली नाही. त्यांनी ती लढवली. लढवणे म्हणजे तेथे उभे राहणे, इतरांना सुखरूप जाऊ देण्यासाठी. ज्या महाराष्ट्रास हा अर्थ शिकवावा लागू नये, तेथील स्वार पंधरा मिनिटे खारदुंग ला येथे थांबतो, घोषणा देतो, धाप लागते म्हणून खाली उतरतो आणि खिंड सर केल्याचे लिहितो. त्या फलकावर कित्येक वर्षे १८,३८० फूट असे लिहिलेले होते. मोजमापाने ती उंची सुमारे १७,५८२ फूट भरते. त्याहून उंच उमलिंग ला येथे १९,०२४ फुटांवर रस्ता झाला, तेव्हा उंचीचा तो मानही खारदुंगपाशी राहिला नाही. सर करण्याजोगे तेथे होते तरी काय?

लढवणारे मात्र आहेत. १९६० मध्ये स्थापन झालेली सीमा सडक संघटना हे रस्ते बांधते आणि उपसते. जोझी ला पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असे. २०२५ साली केवळ ३२ दिवस बंद राहून तो १ एप्रिलला खुला झाला. हे बर्फाने आपण होऊन केले नाही. या रस्त्यांवर खडी फोडणारे, डांबर ओतणारे हात पुष्कळदा झारखंडच्या दुमका भागातील आदिवासी मजुरांचे असतात. जून २०२० मध्ये, साथीच्या काळातही, लडाखच्या रस्तेकामासाठी दुमक्याहून मजुरांची खास रेल्वेगाडी सुटली होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ याच संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ कामगार गाडले गेले आणि त्यांपैकी आठ दगावले. आमच्या प्रवासवर्णनांत हे लोक येतात ते ‘रस्त्याचे काम चालू असल्याने दोन तास खोळंबा झाला’ या वाक्यात, तेही कर्त्यावाचून.

कोणी म्हणेल, प्रवासवर्णन म्हणजे माहितीपत्रक नव्हे. लेखकाने आपला आनंद सांगावा. जरूर सांगावा. आम्ही आनंदाच्या विरुद्ध नाही आणि स्वारांनी घरी बसावे असेही आमचे म्हणणे नाही. परंतु मराठी प्रवासवर्णनाच्या मुळाशी विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ आहे. सत्तावन्नच्या धामधुमीत सापडलेल्या त्या भिक्षुकाने आपली भीती लपवली नाही आणि आपण लुटले गेलो हेही लपवले नाही. शंभराहून अधिक वर्षे ते पुस्तक टिकले आहे, ते त्या प्रांजळपणावर. बर्फावरचा खरा आनंदही भीतीच्या तपशिलातच असतो: चाक सरकल्याचे पोटाला प्रथम कळते ते क्षण, हेल्मेटच्या काचेवर गोठणारा श्वास, पुढच्या वळणावर सावली आहे की ऊन याचा अंदाज. हे लिहिले, तर माहितीही मिळेल आणि वाङ्मयही होईल. ते गाळून उरते ती केवळ फलकाची नक्कल.

तेव्हा वाचकहो, पुढील उन्हाळ्यात असे एखादे वर्णन हाती आले, तर दोनच गोष्टी तपासाव्यात. लेखकाने रस्त्यावरचा तो पारदर्शक पापुद्रा पाहिला आहे काय? आणि रस्ता उपसणारा माणूस त्याच्या वाक्यात कर्ता म्हणून आला आहे काय? दोन्हींचे उत्तर नाही असे आले, तर लेखक खिंडीतून गेला असेल, पण खिंड त्याने पाहिलेली नाही.