‘झाले ते झाले’: वाक्यातला कर्ता कोठे गेला?

लोकसभा निवडणुकीची धामधूम ऐन भरात असताना, ९ मे २०१९ रोजी काँग्रेसचे परदेश विभागप्रमुख सॅम पित्रोदा यांना १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाविषयी प्रश्न विचारण्यात आला. १९८४ मध्ये जे झाले ते झाले, तुम्ही पाच वर्षांत काय केले ते सांगा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी हिंदीत दिले. त्यातील ‘हुआ तो हुआ’ एवढे शब्द देशभर गाजले. तीन दिवसांनी दिल्लीत आणि दहा दिवसांनी पंजाबात मतदान व्हायचे होते. गडबडीने खुलासा आला. आपले हिंदी चांगले नाही, ‘जे झाले ते वाईट झाले’ असे आपल्याला म्हणायचे होते, पण ‘वाईट’ला हिंदी शब्द ऐनवेळी सुचला नाही, असे पित्रोदा म्हणाले. राहुल गांधी यांनी त्यांचे वक्तव्य साफ चुकीचे ठरवून त्यांना माफी मागावयास सांगितले आणि प्रकरणावर पडदा पडला असे मानण्यात आले.

अशा प्रत्येक प्रसंगी आपल्या देशात एक ठरावीक वाद रंगतो. वक्त्याच्या मनात नेमके काय होते? त्याला तसेच म्हणायचे होते, असे विरोधक सांगतात. शब्दाचा विपर्यास झाला, असे समर्थक सांगतात. अंतःकरणाचा हा पंचनामा चार दिवस चालतो. अंतःकरण कोणालाच दिसत नसल्यामुळे त्याचा निकाल लागत नाही, आणि तो न लागण्यातच सत्ताधारी वर्गाची सोय असते. पित्रोदांचा खुलासा खरा असेलही. तो शंभर टक्के खरा मानला आणि ‘वाईट’ हा शब्द त्यांच्या वाक्यात आणून बसवला, तर काय उरते? ‘जे झाले ते वाईट झाले.’ विशेषण आले, पण कर्ता आला नाही. कोणी केले, हा प्रश्न वाक्याच्या बाहेरच उभा राहतो.

हे व्याकरण पित्रोदांनी शोधून काढलेले नाही. त्याचा उगम पस्तीस वर्षे मागे आहे.

१९ नोव्हेंबर १९८४ हा इंदिरा गांधींचा जन्मदिवस. त्यांची हत्या होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. दिल्लीच्या बोट क्लबवरील सभेत पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले की इंदिराजींची हत्या झाली तेव्हा देशात काही दंगेधोपे झाले. जनतेला किती क्रोध आला ते आम्हाला माहीत आहे. काही दिवस लोकांना भारत हलतो आहे असे वाटले. मोठे झाड पडते तेव्हा धरती थोडी हादरतेच. या अखेरच्या वाक्यावर आजवर वाद चालू आहे. त्यांनी हत्याकांडाचे समर्थन केले, असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते की शोकात बुडालेल्या मुलाने जनतेच्या दुःखाचे केवळ वर्णन केले. त्याच भाषणात त्यांनी देशाच्या एकतेचे आवाहनही केले होते. दुसऱ्या बाजूचे हे म्हणणे क्षणभर मान्य करावे. आई गमावलेल्या माणसाच्या मनात त्या दिवशी काय चालले होते, हे ठरविण्याचा अधिकार या लेखाला नको आहे.

परंतु वाक्य मनात राहिले नाही. ते देशाच्या पंतप्रधानाच्या तोंडून सभेत उच्चारले गेले, आणि तेथे त्याचा अर्थ समोरच्या वस्तुस्थितीवरून ठरतो. ती वस्तुस्थिती काय होती? दिल्लीत २७३३ शिखांची हत्या झाली, असे पुढे १९८७ साली सरकारनेच नेमलेल्या आहुजा समितीने नोंदविले. कानपूर आणि बोकारो येथे, रेल्वेगाड्यांतून, इतरत्र जे मारले गेले ते वेगळेच. दिल्लीतील बळींपैकी फार मोठा भाग त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी यांसारख्या वसाहतींतला होता. शहराच्या मध्यातील झोपड्या उठवून ज्यांना यमुनेपलीकडे किंवा शहराच्या टोकाला नेऊन टाकले होते, त्यांच्या या वसाहती. त्रिलोकपुरीच्या ३२ व्या ब्लॉकमध्ये मेलेल्यांत खाटा विणणारे होते, सुतार होते, रिक्षा चालविणारे होते. आंब्याचे झाड पडो की वडाचे, हादरा कोणाच्या घराला बसावा हे इतके नेमके ठरलेले नसते.

नोव्हेंबर १९८४ मध्येच पीयूडीआर आणि पीयूसीएल या नागरी हक्क संघटनांनी ‘दोषी कोण?’ या नावाचा चौकशी अहवाल छापून प्रसिद्ध केला. हा उत्स्फूर्त क्रोध नव्हता, संघटित कृत्य होते, असा त्याचा निष्कर्ष होता. काँग्रेसच्या पुढाऱ्यांची आणि पोलिस अधिकाऱ्यांची नावे त्यात दिलेली होती. शिखांची घरे मतदारयाद्या आणि रेशनच्या याद्या पाहून शोधली गेली, जमाव वाहनांतून आणले गेले, रॉकेलचा पुरवठा झाला. भूकंपाला मतदारयादी लागत नाही. वृक्षाची उपमा नेमके हेच पुसून टाकते. याद्या काढणारा, वाहन देणारा, पोलिसांना ठाण्यात बसवून ठेवणारा, हे सारे ‘धरती’ या एका शब्दात गडप होतात. ‘दंगे झाले’ या वाक्यात तर दंगेच कर्ता होऊन बसतात, जणू ते स्वतःच्या पायांनी चालत त्रिलोकपुरीत आले! आणि ‘थोडी’? कोणत्याही टीकाकाराच्या लेखणीपेक्षा तो एक शब्द अधिक बोलका आहे.

पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत ५१४ पैकी ४०४ जागा काँग्रेसला मिळाल्या. या यशाचे कारण केवळ ते वाक्य होते असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. मात्र ज्या राज्ययंत्रणेला त्या काळात आपली जबाबदारी झटकायची होती, तिला त्या वाक्याने भाषा पुरविली. १९८५ मध्ये नेमलेल्या न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने काँग्रेसचे काही कार्यकर्ते सामील असल्याचे मानले, पण पक्ष म्हणून काँग्रेसला दोषमुक्त ठेवले. हेच न्यायमूर्ती पुढे काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले.

२०१९ मध्ये पित्रोदांच्या तीन शब्दांवर भारतीय जनता पक्षाने मोठा गदारोळ केला. स्वतः नरेंद्र मोदी यांनी प्रचारसभांतून त्या शब्दांना काँग्रेसच्या अहंकाराचे प्रतीक म्हटले. टीका चुकीची नव्हती. टीकाकार कोण, हे पाहण्यासारखे होते. जुलै २०१३ मध्ये, गुजरातचे मुख्यमंत्री असताना, रॉयटर्स वृत्तसंस्थेने त्यांना २००२ बद्दल खेद वाटतो का असे विचारले होते. त्यांच्या उत्तराचा आशय असा की दुसरा कोणी मोटार चालवीत असेल, आपण मागे बसलो असू आणि कुत्र्याचे पिल्लू चाकाखाली आले, तरी दुःख होणारच. लगेच वाद पेटला: मुसलमानांना कुत्र्याचे पिल्लू म्हटले का? आपल्या संस्कृतीत प्रत्येक जीव पूजनीय आहे, असा खुलासा मोदींनी केला. सारा वाद पिल्लावर झाला. मोटारीकडे फारसे कोणी पाहिले नाही. राज्याचा मुख्यमंत्री त्या दृष्टांतात मागच्या आसनावर बसला आहे, चालक ‘दुसरा कोणी’ आहे, आणि जे घडते तो अपघात आहे. केंद्र सरकारने २००५ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार गुजरातेत ७९० मुस्लिम आणि २५४ हिंदू मारले गेले आणि २२३ माणसे बेपत्ता होती. विशेष तपास पथकाचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये कायम केला. तो फौजदारी जबाबदारीचा प्रश्न होता. शासनप्रमुख या नात्याने सुकाणू कोणाच्या हाती होते, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

झाड, मोटार, ‘हुआ’: तिन्ही वाक्ये वेगवेगळ्या माणसांची, दोन परस्परविरोधी पक्षांची. तिन्हींत माणूस मारणारा माणूस नाही. म्हणूनच यांना जीभ घसरली असे म्हणणे अपुरे आहे. जीभ घसरते ती सवयीच्या वाटेवर घसरते.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे आर. आर. पाटील आठवतील. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरात असे एखादे प्रकरण घडतेच अशा अर्थाचे ते बोलले, आणि त्यांना उपमुख्यमंत्रिपद सोडावे लागले. ताज आणि ओबेरॉय त्या दिवशी जळाले होते. त्रिलोकपुरीच्या बाबतीत तेव्हा कोणा मंत्र्याची खुर्ची गेली नाही.

११ ऑगस्ट २००५ रोजी, नानावटी आयोगाच्या अहवालावरील चर्चेत, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राज्यसभेत शीख समाजाची आणि साऱ्या राष्ट्राची माफी मागितली आणि शरमेने मान खाली घालतो, असे ते म्हणाले. वीस वर्षांत प्रथमच सरकारच्या वाक्याला ‘मी’ मिळाला. ही गोष्ट लहान नव्हती, आणि विरोधकांनीही ती मान्य करावयास हवी. पण ‘कोणी’ या प्रश्नाचे उत्तर त्यातही नव्हते. ते साक्षीदारांनाच द्यावे लागले. जळालेल्या घरांतल्या विधवांनी आणि मुलींनी धमक्या सोसून, उलटतपासण्या सोसून, तारखांमागून तारखा काढून ते दिले. १७ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेसचे माजी खासदार सज्जन कुमार यांना पालम भागातील पाच शिखांच्या हत्येच्या खटल्यात दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि अशा गुन्हेगारांना राजकीय आश्रय मिळत आल्याचे निकालपत्रात नमूद केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरस्वती विहार येथील पिता-पुत्राच्या हत्येबद्दल दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना दुसऱ्यांदा जन्मठेप ठोठावली. तो खून १ नोव्हेंबर १९८४ चा होता.